झाड कोणाच्या मालकीचे?

पावसाळा जवळ आला की वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होऊ लागतात. महाराष्ट्रात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले होते. अशा प्रत्येक मोहिमेनंतर लावलेल्यांपैकी जगली किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठावरील साहेल या पट्ट्यातील देशांना हाच प्रश्न अर्ध्या शतकापूर्वी जीवनमरणाचा होऊन बसला होता. तेथील शेतकऱ्यांनी त्यावर शोधलेल्या उत्तराला रोपवाटिका लागली नाही, की मोठा निधीही लागला नाही. मात्र शेतात उगवलेल्या झाडावर हक्क कोणाचा, हे आधी ठरावे लागले.

जमिनीखालचे जंगल

साहेलमध्ये पाऊस वर्षातून जेमतेम तीन-चार महिने पडतो. १९६८ ते १९७३ या काळात तेथे भीषण दुष्काळ पडला. १९८४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. नायजर हा या पट्ट्यातील समुद्रकिनारा नसलेला देश. त्याचा बहुतांश भाग वाळवंटी असून शेती होते ती दक्षिणेकडील अरुंद पट्ट्यात. बाजरी, ज्वारी आणि चवळी ही तेथील मुख्य पिके आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही परकी नाहीत.

या शेतांतील झाडे विसाव्या शतकात झपाट्याने नाहीशी झाली. सुधारित शेती म्हणजे झाडेझुडपे काढून मोकळे केलेले रान, असे शेतकऱ्यांना शिकवले गेले. त्यातच फ्रेंच वसाहतीच्या काळात झालेल्या आणि स्वातंत्र्यानंतरही कायम राहिलेल्या कायद्यांनुसार झाडे ही सरकारची मालमत्ता होती. स्वतःच्या शेतातले झाड तोडायचे तरी परवाना हवा, नाहीतर दंड. साहजिकच झाड हे शेतकऱ्याच्या लेखी एक लचांड ठरले. ते मोठे होण्याआधीच उपटून टाकणे शहाणपणाचे होते. परिणामी उघड्या रानावरून सोसाट्याचे वारे वाहू लागले, कोवळी पिके वाळूखाली गाडली जाऊ लागली आणि दुबार-तिबार पेरणी नेहमीची झाली.

टोनी रिनॉडो हे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ १९८० च्या दशकाच्या आरंभी नायजरच्या मराडी भागात काम करू लागले. त्यांच्या प्रकल्पातही रोपे लावली जात आणि त्यातली बहुतेक मरून जात. १९८३ मध्ये त्यांचे लक्ष रानातल्या खुरट्या झुडपांकडे गेले. निरखून पाहता ती झुडपे नव्हती. पूर्वी तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना आलेले ते फुटवे होते. वरून उजाड दिसणाऱ्या शेतांखाली जिवंत मुळांचे जाळे शाबूत होते. दरवर्षी फुटवे येत आणि दरवर्षी ते सरपणासाठी छाटले जात किंवा गुरे खाऊन टाकत.

तोडलेल्या सागाचा बुंधा फुटतो, हे आपल्याकडे जंगलकाठच्या कोणालाही ठाऊक असते. नायजरमधील पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. एका बुंध्यावरचे चार-दोन जोमदार फुटवे राखायचे, बाकीचे छाटायचे आणि राखलेल्या फुटव्यांच्या खालच्या फांद्या वेळोवेळी काढत राहायचे. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने झाड भराभर वाढते. पाणी घालावे लागत नाही, आणि छाटलेल्या फांद्यांचे सरपण पहिल्या वर्षापासून हाती येते.

तंत्र इतके सोपे, तर ते आधीच का रुजले नाही? याचे उत्तर मालकीत आहे. वाढवलेले झाड उद्या सरकारजमा होणार असेल, तर ते कोणी राखावे? १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तेथील सरकारची पकड सैल होत गेली आणि शेतातले झाड राखणाऱ्याचे, असा व्यवहार रूढ झाला. मग ही पद्धत एका शेतावरून दुसऱ्या शेतावर, एका गावातून दुसऱ्या गावात पसरली. उपग्रहचित्रांच्या अभ्यासातून पुढे जे चित्र समोर आले, ते थक्क करणारे होते. दक्षिण नायजरमधील सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे परतली होती आणि त्यांची संख्या सुमारे २० कोटी असावी, असा अंदाज मांडण्यात आला. शेतकऱ्यांच्या या रूढ हक्काला सरकारी आदेशाची स्पष्ट मान्यता मात्र २०२० मध्ये मिळाली.

१९९० नंतर साहेलमध्ये पाऊसमान काहीसे सुधारले, हेही लक्षात घ्यायला हवे. परंतु सीमेपलीकडे, उत्तर नायजेरियात पाऊस किंचित अधिक असूनही झाडे विरळ असल्याचे अभ्यासकांना आढळले. म्हणजे सारे श्रेय पावसाला देता येत नाही. शेतकऱ्यांनी राखलेल्या झाडांत ‘गाओ’ हे झाड विशेष लाडके आहे. ऐन पावसाळ्यात त्याची पाने गळतात, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. त्याची मुळे जमिनीत नत्र साठवतात आणि शेंगा गुरांच्या खाद्याला येतात.

वनाचे मोल आणि मालकी

नायजरच्या शेजारी असलेल्या बुर्किना फासो या देशात याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने वेगळा मार्ग धरला. ‘झाई’ ही तेथील जुनी पद्धत. उन्हाळ्यात टणक जमिनीत लहान खड्डे घेऊन पावसाळ्यात त्यांत पेरणी करायची. सावादोगो यांनी हे खड्डे अधिक रुंद व खोल केले आणि त्यांत शेणखत व पालापाचोळा टाकला. त्याने वाळवी आली, वाळवीने जमीन पोखरली आणि त्या छिद्रांतून पाणी मुरू लागले. खड्ड्यांत धान्याबरोबर झाडेही उगवली. ती राखून त्यांनी नापीक माळावर वन उभे केले. २०१८ मध्ये ‘राइट लाइव्हलीहूड’ हा पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जाणारा पुरस्कार रिनॉडो आणि सावादोगो या दोघांनाही मिळाला.

तथापि सावादोगो यांची कहाणी इथेच संपत नाही. शेजारचे वाहिगुया शहर वाढू लागले तसे विस्ताराच्या योजनेत त्यांच्या वनाची जमीनही आली आणि वनाच्या काही भागावर घरे उभी राहिली. ज्यांनी माळाचे वन केले, त्यांना ते वाचवण्यासाठी वृद्धापकाळात धडपडावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. जगाने त्यांच्या कामाचे मोल जाणले, पण कागदोपत्री हक्क नसेल तर केलेल्या कामाला संरक्षण नसते, हेच यातून दिसले.

कायद्याची जोड

हा हक्क कायद्याने दिला तर काय घडते, ते नेपाळमध्ये दिसते. १९५७ साली तेथील वनांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गावकऱ्यांच्या लेखी जंगल परके झाले. त्याचा फटका वनांना बसल्यावर १९७८ पासून ती टप्प्याटप्प्याने गावांकडे सोपवली जाऊ लागली. १९९३ च्या वन कायद्याने स्थानिक वापरकर्त्यांच्या गटांना व्यवस्थापनाचा आणि उत्पन्नाचा हक्क दिला. आज असे २२ हजारांहून अधिक गट आहेत. चराई कोठे बंद ठेवायची, गवत केव्हा कापायचे, लाकूड कोणाला किती द्यायचे, हे नियम ते स्वतः ठरवतात. एका अभ्यासानुसार १९९२ मध्ये नेपाळचे २६ टक्के असलेले वनाच्छादन २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांवर गेले. रोजगारासाठी लोक परदेशी गेल्याने पडीक राहिलेल्या शेतांचाही त्यात वाटा आहे.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे गाव याच वाटेवर चालले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याकडेच मागावा लागे. एप्रिल २०११ मध्ये तो देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे कागदावरचा हक्क व्यवहारात उतरला. पुढे २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आला. शेतातला साग तोडण्यासाठी मात्र आजही परवानगीची पायरी चढावी लागते.

हक्क मिळाला की सारे सुरळीत होते, असेही नाही. नायजरमध्ये झाडांवर शेतकऱ्याचा हक्क प्रस्थापित झाल्यावर, त्याच रानात पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्या भटक्या पशुपालकांचे काय, हा वाद उभा राहिला. नेपाळमध्ये अनेक गटांत दलित आणि भूमिहीनांपेक्षा सुखवस्तू घरांचाच शब्द चालतो, अशी टीका अभ्यासक करत आले आहेत. ‘स्थानिक’ या शब्दाआड गावातली विषमताही लपू शकते. मेंढा-लेखाने निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने घेण्याचा दंडक घातला, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते.

या चारही ठिकाणची माती, पाऊस आणि कायदे भिन्न आहेत. नायजरची पद्धत जशीच्या तशी विदर्भात आणता येणार नाही. परंतु पुढच्या वृक्षारोपणाच्या वेळी लावलेल्या रोपांच्या आकड्याबरोबर आणखी दोन गोष्टी जाहीर करता येतील. हे झाड वाढल्यावर त्याचे सरपण, फळ आणि लाकूड कोणाला मिळणार, आणि ते कोणाच्या परवानगीने? ज्या जागी याचे उत्तर ‘राखणाऱ्याला, त्याच्याच अधिकाराने’ असे असेल, तिथे तीन वर्षांनी मोजणीला जायला हरकत नाही.