दोन सर्व्हर घेतले तरी तिसरे मत लागतेच

बडोद्यातील आपल्या मंडळाच्या बऱ्याच सभासदांचे स्वतःचे व्यवसाय आहेत. कुणाचा मकरपुरा जीआयडीसीत छोटा कारखाना, कुणाची औषधांची एजन्सी. बिले, मालाचा साठा, जीएसटी सगळे एकाच सर्व्हरवर. तो बंद पडला की टेम्पो भरून दारात उभा आणि बिल निघत नाही. मग कुणीतरी सुचवते, "दुसरा सर्व्हर घ्या, एक पडला की दुसरा काम उचलेल." आम्ही बी.कॉम. झालेले, नोकरी बँकेतली. निवृत्तीनंतर ही जुळणी समजून घेतली, ती हिशेबाच्या भाषेत मांडतो.

आधी गरज ठरवा. सर्व्हर ९९ टक्के वेळ चालू राहतो म्हणजे वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे सुमारे पावणेनऊ तास. आपल्याला किती चालेल ते ठरवले की खर्चाचा अंदाज येतो.

निम्मी जागा मोकळी ठेवा. दोन्ही यंत्रांत ३२ जीबी मेमरी असेल, तर एकूण काम ६४ जीबीचे धरू नका. एक पडल्यावर सगळे काम एकट्या ३२ जीबीत बसले पाहिजे, तेही थोडी जागा राखून.

गणसंख्या. खरी अडचण इथे आहे. दोन यंत्रांमधली तार तुटली, पण दोन्ही चालू आहेत. प्रत्येकाला वाटते दुसरे मेले, आणि दोघेही बिले घेऊ लागतात. एकाच क्रमांकाची दोन बिले, साठ्याचे दोन आकडे. नंतर ते जुळवताना डोळ्यांत पाणी येते. म्हणून आपल्या वार्षिक सभेसारखाच नियम असतो: बहुमत नसेल तर कामकाज नाही. पण दोन मतांत बहुमत म्हणजे दोन. एक यंत्र पडले की उरलेलेही थांबते. यासाठी तिसरे मत लागते. ते रास्पबेरी पायसारख्या लहान, स्वस्त संगणकाचे चालते, कारण त्याला फक्त मत द्यायचे असते. मात्र तो त्या दोन यंत्रांपैकी एकाच्या आत बसवू नये. यंत्राबरोबर मतही जाईल.

माहिती कुठे ठेवायची? दोघांसाठी एकच सामाईक डिस्कपेटी घेतली, तर ती पडताच दोन्ही सर्व्हर रिकामे बसतात. त्यापेक्षा प्रत्येकाची डिस्क वेगळी ठेवून नक्कल करावी. प्रॉक्समॉक्स या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत नक्कल मुळात दर १५ मिनिटांनी होते. म्हणजे शेवटच्या १५ मिनिटांची बिले जाऊ शकतात. ते परवडत नसेल, तर डेटाबेसलाच प्रत्येक नोंद लगेच दोन्हीकडे लिहायला लावावी. काम किंचित मंदावते. तरीही काम दुसऱ्या यंत्रावर जायला काही मिनिटे लागतात, आणि अर्धवट टाइप केलेले बिल पुन्हा करावे लागते.

बॅकअप वेगळाच. चुकून खाते पुसले, तर ते दोन्हीकडे पुसले जाते. रोज रात्रीची प्रत हवी, आणि एक प्रत इमारतीबाहेर.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा: आधी बॅकअप आणि यूपीएस, मग दुसरे यंत्र आणि त्याच्यासोबतच तिसरे मत. सगळे बसवल्यावर एखाद्या रविवारी चालू सर्व्हरचा प्लग काढून पाहा. बँकेत संध्याकाळी रोकड मोजून जुळल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. इथेही पुरवठादार "होईल" म्हणाला म्हणून पैसे चुकते करू नका. झालेले डोळ्यांनी पाहा, मगच चेकवर सही करा.