सरसाची तिपेडी वेणी

माझ्या लहानपणी, ऐन दिवाळीत, वाड्यातल्या काकूंचा पदर पणतीवर पेटला आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टरांनी त्यांच्याच मांडीची कातडी काढून हातावर लावली. एका जखमेसाठी दुसरी जखम! मी आईला विचारले, "कातडी विकत नाही का मिळत?" आई म्हणाली, "वेड्या, ते काय शिंप्याकडचे ठिगळ आहे?"

मोठमोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नामागे लागले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

आपली कातडी, हाडे, स्नायुबंध यांना बळकटी देणाऱ्या धाग्याचे नाव कोलॅजन. शरीरातील प्रथिनांचा सुमारे तिसरा हिस्सा त्याचाच. भाषेचा मास्तर म्हणून मला मौज वाटली ती त्याच्या नावाची. ग्रीक भाषेत 'कोला' म्हणजे सरस! जनावरांची कातडी उकळून केलेला सुताराचा सरस म्हणजे हेच कोलॅजन. फक्त शिजून उसवलेले.

उसवलेले म्हणण्याचे कारण, मूळ धाग्याची घडण आहे तिपेडी वेणीसारखी. ही वेणी १९५४-५५ साली जगापुढे मांडली ती मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी. मद्रासच्याच चर्म संशोधन संस्थेतून आणलेल्या, कांगारूच्या शेपटीतील स्नायुबंधावर त्यांनी क्ष-किरण सोडले. प्रत्येक पेड ही जणू मण्यांची माळ, आणि तिच्यातला दर तिसरा मणी सर्वांत लहान, ग्लायसिन नावाचा. म्हणूनच तीन पेड इतके घट्ट बसतात.

पुढे १९८१ साली बोस्टनचे डॉ. जॉन बर्क आणि प्रा. यानिस यानास यांनी गाईच्या कातडीतील कोलॅजन व शार्क माशाच्या कूर्चेतील एक द्रव्य मिसळून भाजलेल्यांसाठी सच्छिद्र पडदा केला. रोग्याच्या पेशी त्यात घर करतात, नवे कोलॅजन विणतात आणि जुना पडदा विरघळून जातो. घर उभे राहिले की पराती उतरावी, तसे!

कोलॅजनचा धागा काढण्याची एक रीत तर गृहिणींना ओळखीची वाटेल. सौम्य आम्लात विरघळवलेले कोलॅजन बारीक छिद्रातून क्षारांच्या पाण्यात सोडतात. सोऱ्यातून शेव पडावी तसा धागा पडतो. मग रसायनांनी त्याचे दुवे पक्के करतात.

परंतु जनावरांच्या कोलॅजनबरोबर रोग येण्याची भीती असते, आणि काहींच्या अंगाला ते मानवत नाही. म्हणून जेरुसलेमच्या प्रा. ओडेड शोसेयोव्ह यांच्या गटाने माणसाची पाच जनुके तंबाखूच्या रोपात घालून पानांतून मानवी कोलॅजन मिळवले. तंबाखूच्या हातून घडलेले हे पुण्यकर्मच म्हणायचे! अमेरिकेतील राईस विद्यापीठात प्रा. हार्टगेरिंक व सहकाऱ्यांनी २०११ साली अवघ्या छत्तीस मण्यांच्या माळा प्रयोगशाळेत गुंफल्या. त्या आपोआप वेणीत वळल्या, वेण्यांचे तंतू झाले. निसर्गाच्या पेडात मात्र हजारावर मणी असतात!

तेव्हा आईचे म्हणणे आता निम्मेच खरे उरले आहे. ठिगळ मिळते, पण बर्क-यानासांच्या पडद्यावर बहुधा रोग्याचीच पातळ कातडी वरून लावावी लागते, आणि त्या कातडीला ना केस, ना घाम. माणसाचा सरस निसर्गाच्या सरसाहून सरस ठरेल तेव्हा ठरो. तोवर पणत्या लावताना पदर खोचून घ्यावा, हे उत्तम!