मागच्या चाकाला कोणती कॅसेट बसेल? ऑर्डर देण्याआधी एवढं तपासा

सांगली-मिरजेच्या सपाट रस्त्यावर सात-स्पीडची साधी गिअर सायकल मजेत चालते. तीच सायकल साताऱ्याला नेऊन यवतेश्वरच्या घाटाला लावली की पहिल्या काही वळणांतच शेवटचा गिअर संपतो. कास पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे वाट लांबवर चढाचीच. मग माणूस घरी येऊन ऑनलाइन 'मोठी कॅसेट' शोधतो, स्वस्त दिसली की मागवतो, आणि दुकानदार सांगतो, "ही तुमच्या हबला बसत नाही." पैसे गेले, आणि खोकं फोडलेलं असल्यामुळे परत पाठवायचीही पंचाईत.

हे टाळायला मागच्या चाकात काय काय असतं ते आधी समजून घेऊ.

फ्रीव्हील की कॅसेट?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: दातेरी चकत्यांचा एक गठ्ठा. फरक आत आहे. पायडल थांबवल्यावर 'टिक टिक' आवाज करणारी जी यंत्रणा असते, ती फ्रीव्हीलमध्ये त्या गठ्ठ्याच्याच पोटात असते आणि अख्खा गठ्ठा हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. कॅसेटमध्ये हीच यंत्रणा हबचा भाग असते. तिला फ्रीहब म्हणतात. कॅसेट फ्रीहबच्या खाचांवर सरकवायची आणि वरून लॉकरिंग आवळायची.

ओळखायचं कसं? चाक काढा. सर्वात छोट्या चकतीच्या मधोमध, पाना बसतो त्या खाचांकडे बघत चकत्या उलट्या फिरवा. खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर कॅसेट. तो जागेवर राहिला आणि फक्त चकत्या फिरल्या तर फ्रीव्हील.

सहा-सात स्पीडच्या स्वस्त सायकलींत बहुतेक वेळा फ्रीव्हील निघतं. आट्यांच्या हबवर कुठलीही कॅसेट बसत नाही. त्यासाठी हब किंवा सरळ अख्खं मागचं चाकच बदलावं लागतं.

चाक बदलावं का?

प्रत्येक वेळी गरज नसते. सात-स्पीड फ्रीव्हील बहुधा १४-२८ दात्यांचं असतं, पण १४-३४ चंही मिळतं. समजा पुढे ३४ दात्यांची चकती आहे आणि चाकाचा घेर सुमारे २.१३ मीटर. मागे २८ वर मिनिटाला ६० वेळा पायडल मारलं तर वेग तासाला साधारण ९.३ किमी पडतो. मागे ३४ वर तो ७.७ किमी होतो. म्हणजे त्याच लयीत पाय फिरवत हळू चढता येतं आणि गुडघ्यांवरचा जोर कमी होतो.

चाक बदलण्याचं खरं कारण दुसरंच आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला असतात, त्यामुळे एक्सलचं बरंचसं टोक आधाराविना राहतं. वजनदार माणूस, मागे सामान आणि खड्ड्यांचा रस्ता, असं तिन्ही जमलं की एक्सल वाकू किंवा तुटू शकतो. फ्रीहबमध्ये हा आधार बराच बाहेर सरकवलेला असतो. लांबचा प्रवास नेहमीचा असेल तर या कारणासाठी खर्च करावा.

नवीन चाक घेताना फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. जुन्या पद्धतीच्या रोड सायकलला ते बहुधा १३० मिमी असतं आणि एमटीबीला १३५ मिमी. थ्रू-एक्सलच्या फ्रेमला १४२ किंवा १४८ मिमी येतं. ओढूनताणून बसवू नका.

फ्रीहब आहे, मग कोणतीही कॅसेट चालेल?

नाही. यूएसबीची वायर पोर्टमध्ये शिरली म्हणून ती फास्ट चार्जिंग करेलच असं नसतं, तसाच प्रकार इथे आहे.

सर्वात जास्त दिसणारी पद्धत म्हणजे शिमानोची एचजी. तिचे मुख्य नियम असे:

- ८, ९ आणि १० स्पीडच्या कॅसेट एकाच लांबीच्या एचजी बॉडीवर बसतात. काही १० स्पीड रोड कॅसेटना मागे १ मिमीची जादा चकती लागते.
- त्याच बॉडीवर ७ स्पीड कॅसेट लावायची तर ४.५ मिमीचा स्पेसर घाला.
- ११ स्पीड रोडची बॉडी १.८५ मिमीने लांब असते. तिच्यावर ८ ते १० स्पीड लावता येते, फक्त १.८५ मिमीचा स्पेसर आधी घालायचा. उलटं मात्र सहसा जमत नाही.
- सर्वात छोटी चकती १० दात्यांची असेल तर एचजी बॉडीवर बसणार नाही. त्यासाठी स्रॅमची एक्सडी किंवा शिमानोची मायक्रो स्प्लाइन बॉडी लागते.

स्पेसर विसरला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते. लॉकरिंग साधारण ४० न्यूटन-मीटरने आवळतात, म्हणजे हाताला चांगला जोर लागतो.

हब जमलं, पण गिअर पडतील का?

इथे तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, शिफ्टर. तो एका क्लिकला ठरावीकच वायर ओढतो. ८ स्पीडमध्ये दोन चकत्यांतलं अंतर ४.८ मिमी असतं आणि ९ स्पीडमध्ये सुमारे ४.३५ मिमी. त्यामुळे ८ च्या शिफ्टरवर ९ ची कॅसेट कधीच नीट चालत नाही.

दुसरी, मागचा डिरेलर. तो सर्वात मोठी किती दात्यांची चकती पेलतो आणि एकूण किती ढिली चेन गुंडाळतो, हे दोन्ही कंपनीच्या माहितीपत्रकात असतं. हिशोब सोपा आहे. पुढे ४२-३४-२४ आणि मागे १४-३४ असेल तर १८ अधिक २०, म्हणजे ३८. डिरेलरची क्षमता किमान तेवढी हवी.

तिसरी, चेन. स्पीड वाढले की चेन अरुंद होते, म्हणून ती कॅसेटच्या स्पीडची घ्या. लांबीही तपासा. पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लागली आणि चेन आखूड पडली, तर डिरेलर उखडू शकतो. भर घाटात असं झालं की सायकल ढकलतच खाली आणायची.

ऑर्डर देण्याआधी

मागच्या हबचा, डिरेलरवरच्या मॉडेल नंबरचा आणि शिफ्टरचा फोटो काढा. फ्रेमच्या टोकांमधलं अंतर आणि पुढच्या चकत्यांचे दाते लिहून ठेवा. एवढं दुकानदाराला पाठवलं की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. फिरणं सांगली-मिरजेपुरतंच असेल तर १४-२८ राहू द्या आणि ते पैसे चांगल्या टायरवर घाला. कासला जायचं असेल तर आधी १४-३४ फ्रीव्हीलचा हिशोब करून बघा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं.