कापसासारखे पांढरे



गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे पाहायला एका गावी गेलो होतो. ओसरीवर चहा घेताना घरातली आठवीतली मुलगी वही घेऊन आली. स्वतःच्या मनाने लिहायच्या वाक्यात तिने ‘अ‍ॅज व्हाइट अ‍ॅज कॉटन’ लिहिले होते. त्यावर लाल फुली. पुस्तकात ‘स्नो’ आहे म्हणून.

"काका, हिम मी कधी पाहिलं नाही. कापूस सुट्टीत आईबरोबर वेचते. माझं चुकलं का?"

चुकले नव्हते. वडील मात्र म्हणाले, "आमच्या घरात इंग्रजी कुणाला येतंय? सोडून दे." ते मला लागले. मीही पाचवीत एबीसी शिकलेला गडी!

इंग्रजीत उपमा द्यायची रीत सोपी आहे. गुण दोन ‘अ‍ॅज’च्या मध्ये ठेवायचा आणि वस्तू शेवटी. दुसरी रीत ‘लाइक’ची. आपला ‘सारखा’ वस्तूच्या मागे लागतो, ‘लाइक’ पुढे येतो. बैलासारखा राबतो, म्हणजे ‘वर्क्स लाइक अ‍ॅन ऑक्स’. इथे एक खड्डा आहे, मुलांना जरूर दाखवा. ‘शी इज लाइक हर मदर’ म्हणजे ती आईसारखी आहे. ‘शी लाइक्स हर मदर’ म्हणजे तिला आई आवडते.

काही उपमा ठरून गेलेल्या असतात, त्यांतले शब्द बदलू नयेत. ‘अ‍ॅज कूल अ‍ॅज अ क्युकंबर’ हे अंग गार पडलेल्या माणसाला नव्हे, संकटात डोके शांत ठेवणाऱ्याला म्हणतात. अगदी एकसारखे दोघे म्हणजे एका शेंगेतले दोन वाटाणे. ‘वटवाघळासारखा आंधळा’ हीही त्यांची उपमा, पण वटवाघळाला दिसते बरे का! वाक्य आपले असेल तर मात्र आपल्या डोळ्यांपुढची वस्तू खुशाल घ्यावी.

आमच्या खात्यातली नावेही अशीच पडली. गव्हाच्या एका रोगाला इंग्रजांनी ‘रस्ट’, म्हणजे लोखंडाचा गंज म्हटले. आपण त्यालाच तांबेरा म्हणतो. २०१८ साली भारतात मक्यावर आलेल्या अळीला मात्र दोन्ही भाषांत फौजेचेच नाव: ‘आर्मीवर्म’ आणि लष्करी अळी.

निघताना पोरीने नवे वाक्य दाखवले. आजोबांचे हात बाभळीच्या सालीइतके खरखरीत, ‘अ‍ॅज रफ अ‍ॅज बाभूळ बार्क’. बाभळीला इंग्रजी शब्द सापडला नाही, म्हणून तेवढा मराठीच ठेवला होता. आजोबा शेजारीच बसले होते. अर्थ सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय."