पतंगाला जुंपलेली माणसं

येवल्याची संक्रांत तीन दिवसांची. भोगी, संक्रांत आणि कर. हातात आसारी, बोटांना चिकटपट्ट्या, गल्लीत हलकडीचा ताल आणि कुणाचा पतंग कटला की गच्च्यागच्च्यांवरून एकच गिल्ला, 'गई बोला रे धिना!' आमच्या देवळ्यात एवढा थाट नाही. इकडं त्या दिवसांत कांद्याची लागण चाललेली असते. तरी वाफ्यात वाकलेला माणूसही पतंग दिसला की कंबर सरळ करून वर बघतोच.

तेव्हा पतंगाचं मला कौतुक असणार, असं समजून माझ्या मुलीनं 2019 च्या फेब्रुवारीत मला नॉर्वेला बोलावलं. नातीला बर्फावरच्या पतंगाचं वेड लागलं होतं. "नाना, तुम्हीच तिला समजवा. आमचं ती ऐकत नाही," असा निरोप होता. बँकेत अवघड कर्जदाराकडे म्हाताऱ्या अधिकाऱ्याला पुढं करतात, तसाच हा प्रकार.

हा खेळ आपल्या पतंगबाजीच्या अगदी उलटा. आपण पतंगाला खेळवतो. तिथं पतंग माणसाला ओढतो. पायात लांब पट्ट्या, कमरेला जाड पट्टा, हातात एक आडवा दांडा आणि वर वीस-पंचवीस मीटर दोरांवर खोलीएवढं कापड. त्याला कामट्या नसतात. कापडाला कप्पे असतात, वारा शिरला की ते फुगतात. पतंग थेट डोक्यावर किंवा पार कडेला असेल तेव्हा गरीब गाय. समोर मध्यावर आणला, की असा हिसका देतो की माणूस बर्फावरून घसरत सुटतो. डोंगरसुद्धा चढून जातो.

कल्पना जुनीच आहे. ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या मास्तरांनी 1826 साली पतंगांनी ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं. तेव्हा इंग्लंडात रस्त्याचा कर घोडे मोजून घेत. या गाडीला घोडाच नाही, मग कर कशावर लावणार? (क्रिकेटचे पितामह डब्ल्यू. जी. ग्रेस हे या मास्तरांच्या मुलीचे चिरंजीव.) नॉर्वेच्या नानसेननं 1888 मध्ये ग्रीनलंड ओलांडताना घसरगाड्यांना शिडं बांधली. त्याच देशाचा बर्गे आउसलान 1996-97 मध्ये एकटा अंटार्क्टिका ओलांडून गेला, 64 दिवसांत. त्यालाही पतंगासारख्या शिडानं ओढून नेलं.

आम्ही बर्गनहून रेल्वेनं फिन्सेला गेलो. उंची 1222 मीटर, म्हणजे आपला साल्हेर याहून उंच. पण इथं झाड म्हणून नाही आणि मोटारीचा रस्ताही नाही. उतरलं की समोर गोठलेलं तळं आणि नजर पोचेल तिथवर पांढरं. निफाडला द्राक्षवेलींवर दव गोठलं की आपल्याकडे त्याची बातमी होते!

नातीनं पतंग पसरला, दोर तपासले, दांड्याजवळचा लाल गोळा मला ओढून दाखवला. तो ओढला की पतंगातला जोर जातो आणि तो एका दोरावर लोळत राहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हे तिनं सांगितलं तेव्हा माझ्यातला बँकवाला दचकला. असल्या दरानं कुणी कर्ज घेत नाही. माणूस उचलला जातो, वाट हरवते, हिमलोटाच्या उतारावर जातो, विजेच्या तारांत अडकतो. धोके तिला तोंडपाठ होते.

संध्याकाळी तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे पतंगाच्या दोऱ्यानं वाटसरूचा गळा कापतो, हे खरं?"

खरंच आहे. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर संक्रांतीला दुचाकीवरच्या माणसांच्या आणि घुबड-बगळ्यांच्या बातम्या येतात. कापूस-सरसाचा मांजा बोट कापायचा, फार तर. नायलॉनचा तुटत नाही, तारेवर-झाडावर महिनोन्महिने लटकतो. गच्चीवरचा गडी सुखरूप घरी जातो, किंमत खालून जाणारा मोजतो. नातीच्या खेळात ज्याची हौस, त्याचीच मान पणाला. मला हा व्यवहार जास्त सरळ वाटला आणि मी मुलीला तसं सांगितलं.

"व्यवहार तुमचा सरळ असेल, नाना. पण ती माझी मुलगी आहे," ती म्हणाली. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आकाश आणि जमीन एक होऊ लागली. बाकीचे अजून खेळत होते. नातीनं कुणी न सांगता पतंग उतरवला, घडी घातली आणि पायी परत आली. तोंडावर चांगलाच हिरमोड. तिच्या आईनं खिडकीतून हे पाहिलं आणि काही बोलली नाही. रात्री दोघींचा करार झाला: निघताना हवामान बघून फोन, परतल्यावर फोन, एकटीनं जायचं नाही.

ते निरोप आता मलाही येतात. "निघाले" येतो तेव्हा आमच्याकडे दुपार असते. "पोचले" यायला रात्रीचे नऊ-दहा वाजतात. तोवर जेवण झालेलं असतं, पण मी दिवा काही मालवत नाही.