मूमिनच्या घरी, मूमिनच्या बाजारात

फिनलंडमध्ये उतरलेल्या पर्यटकाची गाठ पहिल्याच दिवशी एका गुबगुबीत, पांढऱ्याशुभ्र, पाणघोड्यासारख्या तोंडाच्या प्राण्याशी पडते. कपांवर, टॉवेलांवर, बिस्किटांच्या डब्यांवर तोच हसत असतो. हा मूमिन. लेखिका-चित्रकार टोव्हे यान्सन (१९१४-२००१) यांचा हा मानसपुत्र.

त्याचा जन्म मात्र आनंदाच्या काळातला नाही. १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले, तेव्हा यान्सन यांनी ही कथा लिहायला घेतली. ती पुस्तकरूपाने आली १९४५ मध्ये. हरवलेल्या वडिलांना शोधणारी आई आणि मुलगा ही तिची मध्यवर्ती कल्पना. घर गमावण्याची भीती आणि येईल त्याला घरात सामावून घेणारी आई, हे सूत्र पुढील पुस्तकांतही कायम राहिले. १९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’मधील चित्रमालिकेने मूमिनला जगभर नेले, तर १९९० च्या जपानी कार्टून मालिकेने त्याची लोकप्रियता नव्याने वाढवली.

या घराचे दर्शन घ्यायचे तर नान्ताली गाठावे. हेलसिंकीहून तुर्कूपर्यंत रेल्वेने सुमारे दोन तास, पुढे बस. तेथे कैलो नावाच्या छोट्या बेटावर १९९३ मध्ये ‘मूमिनवर्ल्ड’ सुरू झाले. पादचारी पूल ओलांडला की झाडीतून निळे, पाच मजली मूमिनघर दिसते. पोटात गोळा आणणारे पाळणे येथे नाहीत. मुलांनी घरात शिरावे, पात्रांना भेटावे, हुंदडावे, एवढीच अपेक्षा. मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट हाच असल्याने बेत त्याप्रमाणे आखावा.

मोठ्यांना अधिक भावेल ते टाम्पेरे शहरातील मूमिन संग्रहालय. यान्सन यांनी १९८६ मध्ये शहराला दिलेल्या सुमारे दोन हजार कलाकृती हा त्याचा पाया. आजच्या जागेत ते २०१७ मध्ये आले. मूळ चित्रांचा कागद उजेडाने खराब होतो, म्हणून दालनांत प्रकाश मंद असतो. माणसाहून उंच असे मूमिनघराचे नमुनाशिल्प येथे पाहायला मिळते. ते घडवण्यात यान्सन यांच्या जीवनसंगिनी तूलिक्की पिएतिला यांचा मोठा वाटा होता.

आता खरेदी. ‘आराबिया’ या जुन्या फिनिश कंपनीचे मूमिन कप १९९० पासून निघतात. त्यांवरील चित्रे यान्सन यांच्या मूळ रेखाटनांवरून टोव्हे स्लॉटे यांनी साकारली आहेत. हंगामापुरते निघणारे कप संग्राहक जपून ठेवतात आणि बंद झालेले कप पुढे चढ्या दराने विकले जातात. तथापि, कप ‘फिनलंडमध्ये घडलेला’ असेल अशी समजूत नसावी. कंपनीचा हेलसिंकीतील कारखाना २०१६ मध्ये बंद झाला असून उत्पादन परदेशांत होते. अस्सल फिनिश वस्तू हवी असल्यास तळाचा शिक्का वाचावा, नाहीतर सरळ पुस्तक घ्यावे. ते सामानात फुटतही नाही!

या कथांतील स्नफकिन हा भटक्या तंबू आणि माउथ ऑर्गन एवढ्यावर समाधानी असतो. वस्तू मालकीची झाली की तिचे ओझे होते, असे त्याचे मत. आज त्याचेही चित्र कपांवर विकले जाते! म्हणून एखादा कप जरूर आणावा. मात्र मुलाच्या हाती तो देताना, पुरातून घर शोधत निघालेल्या त्या कुटुंबाची गोष्टही सांगावी. नाहीतर उरतो तो नुसता चहाचा कप.