एक्सप्लेनर : शिडाच्या जुन्या बोटीवरील अ‍ॅल्युमिनियमला नुसते पॉलिश का पुरत नाही?

अ‍ॅल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. मग जुन्या बोटीच्या डोलकाठीवर स्क्रूभोवती पांढरी भुकटी का दिसते? स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, अ‍ॅल्युमिनियम आणि खारे पाणी एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते. त्यात झिजते ते अ‍ॅल्युमिनियम. घासून पॉलिश केल्यास चकाकी येते. पण अ‍ॅनोडायझिंगचा पातळ संरक्षक थर निघून जातो.

उपाय काय? भाग सुटा करून गोड्या पाण्याने धुवावा, भुकटी काढावी. पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करावे किंवा इपॉक्सी प्रायमरवर रंग द्यावा. बसवताना स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर, आट्यांना संरक्षक पेस्ट लावावी. खोल खड्डे वा तडे दिसले, तर भाग बदलावाच. भर वाऱ्यात तो तुटला, तर डोलकाठीच कोसळू शकते.